पांढरूख ऊर्फ डोंगरी अर्जुन

कोल्हापूरहून सोनईला कुणी हवापालटासाठी जात नाही, आणि चैत्रात तर मुळीच नाही. मी गेले ती धाकट्या बहिणीच्या फोनमुळे. शैला सोनईत दिलेली. तिच्या नवऱ्याला, भाऊसाहेबांना, दिवाळीनंतर हृदयविकाराचा झटका येऊन गेला होता. नगरच्या डॉक्टरांनी स्टेंट बसवला, गोळ्या लावून दिल्या आणि माणूस घरी आला. आता शैला फोनवर रडत सांगत होती की त्यांनी गोळ्या बंद केल्यात आणि दोन्ही वेळा कसल्याशा सालीचा काढा पितात.

"अर्जुनाची साल आहे म्हणतात, आक्का. तू जन्मभर जीवशास्त्र शिकवलंस ना? येऊन बघ तरी आहे का ती अर्जुनाची. माझं कोण ऐकतंय?"

मी शाळेत शिकवलं. म्हणजे ज्यांना जास्वंद आणि जाई यांतला फरक समजून घ्यायचा नव्हता, त्यांच्या गळी तो उतरवायचा प्रयत्न केला. निवृत्तीनंतर हे काम सुटलं म्हणून मी आनंदात होते. पण बहिणीसाठी पिशवीत भिंग टाकलं, दोन साड्या टाकल्या आणि निघाले. प्रवासात जे सगळ्यांचं होतं तेच माझंही झालं, त्याबद्दल लिहीत नाही.

सोनई

घोडेगावच्या फाट्यावर भाऊसाहेब स्वतः गाडी घेऊन न्यायला आले होते. झटका येऊन गेलेला, गोळ्या बंद केलेला माणूस, वरून उन्हाचा कडाका, आणि हे एका हातानं स्टिअरिंग धरून दुसऱ्या हातानं मला ऊस दाखवतायत. ऊस! मी कोल्हापूरची आहे, मला ऊस दाखवतात.

"कसं हाय आक्का, आमच्या भागातलं बागायत?"

"गाडी बाजूला घ्या," मी म्हणाले. "मी रिक्षानं येते."

त्यांना तो विनोद वाटला. घर येईपर्यंत मी दाराची मूठ सोडली नाही.

जेवायला शैलानं शेंगोळे केले होते. हुलग्याच्या पिठाचे, लसणाच्या फोडणीतले, तिखटजाळ. हे मात्र मान्य करते की असे शेंगोळे आमच्याकडे कुणी करत नाही. आम्ही कोल्हापूरची माणसं तांबड्या-पांढऱ्याच्या पलीकडे जग आहे हे मानतच नाही, त्यामुळे किती गोष्टींना मुकतो ते मला पहिल्या घासाला कळलं. तिसऱ्या घासाला भाऊसाहेबांनी मोबाईल माझ्यासमोर धरला आणि तोंडाची चव गेली.

व्हिडिओत खाकी जाकीट घातलेला एक माणूस होता. जाकिटाला इतके खिसे की त्यात काय ठेवायचं याची त्यालाच चिंता असावी. हा स्वतःला वनवैद्य म्हणवत होता. आधी हा माणूस प्लॉट विकायचा, हे भाऊसाहेबांनीच सांगितलं, आणि तेही कौतुकानं, जणू विश्वामित्रानं राज्य सोडलं होतं. पाथर्डीच्या पुढच्या डोंगरात एका पांढऱ्याशुभ्र, निष्पर्ण झाडाला पाठ टेकून तो सांगत होता: "मित्रांनो, हाच तो अर्जुन. हृदयाचा राजा. याच्या सालीपुढं सगळ्या गोळ्या फिक्या." पाठीमागे गूढ बासरी वाजत होती. जडीबुटीवाल्यांना आणि बासरीला एकत्र आणणारा पहिला माणूस कोण, हे मला एकदा बघायचं आहे.

"बघितलं? पांढरं खोड. अर्जुनाचंच," भाऊसाहेब म्हणाले.

"पांढरं खोड निलगिरीचंही असतं, आणि तुमच्या मारुतीच्या पारावरच्या चुना लावलेल्या लिंबाचंही."

"तुमी आमची चेष्टाच करा."

"साल कुठं आहे?"

शैलानं डबा आणला. मी सालीचा तुकडा खिडकीशी नेला. वरचा पापुद्रा कागदासारखा पातळ, सोलून येणारा. आतली बाजू फिकट, धाग्याधाग्यांची. मग पातेल्यातला काढा चमच्यानं वर उचलला. तो तुटेना. भेंडीचं पाणी जसं लांबत जातं तसा लांबत गेला.

"भाऊसाहेब, अर्जुनाची साल आतून लालसर असते. काढा तांबूस होतो आणि तुरट लागतो, जीभ आखडते. हा चिकट आहे. हे अर्जुन नाही. आणि असता, तरी डॉक्टरांना न विचारता गोळ्या बंद करायच्या नसतात."

"मग काय हाय हे?"

"नुसत्या सालीवरून शपथेवर सांगणार नाही. झाड बघायला हवं."

भाऊसाहेब हसले. जो माणूस फोनवरच्या परक्या इसमावर जीव ओवाळून टाकतो, तो समोरच्या मेव्हणीकडून मात्र पुरावा मागतो. "चला मग. दाखवतो तुमाला झाड. तुमी अर्जुन न्हाई हे तिथं सिद्ध करून दाखवलं, तर गोळ्या चालू."

शैला दाराशी उभी होती. तिनं माझ्याकडे असं पाहिलं की मी लगेच हो म्हणाले. एकच अट घातली: त्यांनी गाडी चालवायची नाही, आणि आधी खरा अर्जुन बघायचा.

नेवासा

खरा अर्जुन पाण्याकाठचा. म्हणून दुसऱ्या दिवशी आम्ही एसटीनं नेवाशाला, प्रवरेच्या काठी गेलो. ज्या गावी ज्ञानेश्वरी सांगितली गेली त्या गावी मी एका मेव्हण्याला झाडाची साल समजावून सांगायला चालले होते. गावाची परंपरा मोठी, माझा श्रोता मात्र एसटीतच झोपी गेला.

स्टँडजवळ मिसळ मागवली ही माझी चूक. मिसळ म्हणून जे आलं त्याला काय म्हणावं हे मला अजून सुचलेलं नाही. वर शेव होती, खाली मटकी होती, आणि मध्ये कोमट पाण्याची एक शांत, निरुपद्रवी पातळी होती. भाऊसाहेबांनी ती आवडीनं संपवली आणि माझी वाटीही पुढं ओढली. डॉक्टरांनी तेलकट बंद केलंय याची आठवण करून दिली, तर म्हणाले, "काढा चालू हाय ना."

इथंच मला या काढ्याचं खरं मोल कळलं. तो हृदयासाठी नव्हता. तो शेवेसाठी होता.

नदीकाठी अर्जुन शोधायला वेळ लागला नाही. भक्कम बुंधा, खोडाची राखाडी-पांढरी साल मोठ्या ढलप्यांनी गळणारी, मुळं पाण्याच्या दिशेला गेलेली. मी त्यांना लांबट पान उलटं करून, देठाजवळच्या दोन बारीक गाठी दाखवल्या. खाली पडलेलं फळ दिलं, पाच पंखांचं, वाळून लाकडासारखं झालेलं. गळालेल्या ढलप्याखालचा गुलाबी रंग दाखवला. एक चिमूट चघळायला लावली. त्यांनी तोंड वाकडं केलं.

"लई तुरट."

"घरचा काढा तुरट लागतो?"

त्यांनी ढलपा उलटसुलट करून पाहिला. मला वाटलं, झालं काम. शाळेत मुलगा असं निरखून बघायला लागला की समजायचं, डोक्यात काहीतरी शिरतंय. पण हे मुलगे नव्हेत, हे सोनईचे बागायतदार.

"ह्यो नदीवरचा अर्जुन," ते म्हणाले. "आमचा डोंगरावरचा. डाळिंबाच्या न्हाईत का जाती?"

मी नदीकडे बघत बसले. पलीकडच्या काठावर एक बाई कपडे आपटत होती. तिचं काम माझ्यापेक्षा सोपं होतं, कपडे उलट बोलत नाहीत.

पाथर्डीच्या वाटेवर

तिसगाव सोडलं की बागायतीचा दिमाख संपतो. पाथर्डीकडचा मुलूख उघड्या पाठीचा आहे. कुसळी गवताची माळरानं, काळे दगड, मधूनच एखादं हिवराचं झाड, आणि दगडांपेक्षा काटक शेळ्या. आम्ही जीपमध्ये होतो. या जीपमध्ये माणसं किती बसतात याला उत्तर नाही, ती बसतच राहतात. ऊसतोड संपवून परतलेल्या टोळ्यांतली माणसं आपापल्या वस्तीला निघाली होती. गाठोडी, पातेली, कोयते आणि झोपलेली लेकरं. आमच्या भागातला ऊस तोडायला हीच माणसं येतात. आम्ही त्यांना शेताच्या कडेला पालं ठोकताना बघतो आणि ती कुठून आली हे कधी विचारत नाही. माझ्या शेजारच्या बाईनं मला कोल्हापूरकडच्या चार कारखान्यांची नावं घडाघडा सांगितली. मला तिच्या तालुक्यातलं पाथर्डी-तिसगावखेरीज एकही नाव सांगता आलं नसतं.

भाऊसाहेब तिच्याकडे जरा आखडूनच बघत होते. ते जमीनवाले, ती कोयतेवाली, एकाच जिल्ह्यातली. ऊस दोघांचाही, पण ओळख नाही. या बाबतीत कोल्हापूर आणि सोनई अगदी सख्खे भाऊ.

डोंगराच्या पायथ्याशी उतरलो तर तिथं चक्क जत्रा. चारचाकी गाड्या, दुचाक्या, पुण्याचे नंबर, संभाजीनगरचे नंबर. हृदय नावाचा अवयव सगळ्यांनाच असतो, त्यामुळे गिऱ्हाईक चहूकडून आलेलं. चढाच्या सुरुवातीला पत्र्याच्या आडोशाला चहाची टपरी होती. ती कौसाबाई नावाच्या पन्नाशीच्या बाईची, हे पाटीवरच लिहिलं होतं. मी पाणी मागितलं.

"वैद्याकडं का?" तिनं विचारलं.

"झाडाकडं," मी म्हणाले. "कोल्हापूरहून आलेय."

तिनं माझ्याकडे जरा निरखून बघितलं, पाण्याचा तांब्या दिला आणि नजर वळवली.

डोंगर

चढ फार नव्हता, पण अर्ध्या वाटेत भाऊसाहेब थांबले. एका दगडावर बसले आणि हाताचा पंजा छातीवर ठेवला. चेहरा घामानं डबडबलेला.

"दुखतंय?"

"न्हाई. दम लागला जरा."

माझ्या पर्समध्ये त्यांच्या गोळ्यांची पाकिटं होती, शैलानं निघताना माझ्या हातात कोंबलेली. मी पर्सची चेन उघडली. त्यांनी ते पाहिलं आणि मान फिरवली. त्या क्षणी माझी सगळी तिरकस वाक्यं सुकून गेली. या उघड्या डोंगरावर या माणसाला काही झालं तर मी शैलाला काय सांगणार होते? की पानाच्या आकारावरून आमचा वाद चालला होता?

"परत जाऊ या," मी म्हणाले. "तुम्ही जिंकलात. अर्जुन तर अर्जुन. फक्त खाली चला."

"आता आलोय तर बघूनच जाऊ," ते म्हणाले. हट्टी माणसाला जिंकू देण्याचीही सोय नसते. बऱ्याच वेळानं ते उठले, आणि आम्ही थांबत थांबत वर गेलो.

झाड लांबूनच दिसलं. एवढं सुंदर झाड मी पुष्कळ दिवसांत पाहिलं नव्हतं. सगळा डोंगर करपलेला, आणि त्या काळ्या कातळाच्या भेगेतून हे वर आलेलं, पांढरं, गुळगुळीत, कुठं कुठं गुलाबी झाक असलेलं, एकही पान नाही. उन्हात ते खोड हाडासारखं चमकत होतं. फांद्यांच्या टोकांना लालभडक, लवदार फळांचे घोस होते, चांदणीसारखे फाकलेले. आणि छातीच्या उंचीपासून खाली सगळी साल खरवडून नेलेली. आतलं लाकूड उघडं पडलं होतं. चाकूंचे, कोयत्यांचे, कुणाच्या तरी गाडीच्या चाव्यांचेसुद्धा घाव होते. जिथं खोड कातळाला टेकलं होतं, हात पोचत नव्हता, तेवढ्या पट्टीवर साल शिल्लक होती. झाड त्या पट्टीवर जगत होतं.

ते पांढरूख होतं. वाळल्या पाचोळ्यातून मी पान उचललं: पंज्यासारखं, पाच फाट्यांचं, पाठीमागून मखमली. आता शंकाच नव्हती.

वनवैद्य एका दगडावर उभा राहून बोलत होता. समोर मंडळी पिशव्या घेऊन बसलेली. व्हिडिओपेक्षा हा प्रत्यक्षात बुटका होता, पण खिसे तेवढेच. त्याचं बोलणं जरा थांबलं तसं मी पान हातात धरून पुढं झाले आणि शाळेतल्या आवाजात म्हणाले, "मी कोल्हापूरची, जीवशास्त्राची शिक्षिका. हे अर्जुनाचं झाड नाही. अर्जुनाचं पान लांबट असतं, हे पाच फाट्यांचं आहे. अर्जुन नदीकाठी असतो, कातळावर नाही. हे पांढरूख. हृदयाशी याचा काही संबंध नाही."

पिशव्यावाल्या एका बाईनं वनवैद्याकडे पाहिलं. मला वाटलं, आता हा अडकला.

त्यानं माझ्या हातातून पान घेतलं, उंच धरलं आणि गोड हसला.

"मॅडमनी फार मोलाची गोष्ट दाखवली. मोजा मंडळी. पाच! पाच फाटे म्हणजे पाच पांडव. आणि मधला सगळ्यांत लांब, तो कोण?"

"अर्जुन!" लोक ओरडले.

टाळ्या पडल्या. माझ्या पुराव्याला टाळ्या पडल्या, आणि त्या त्याच्यासाठी होत्या. इतकी वर्षं फळ्याजवळ उभी राहिले, पण असा हरामखोर हजरजबाबीपणा मी पाहिला नव्हता. भाऊसाहेब माझ्या मागं उभे होते. त्यांच्या चेहऱ्याकडे बघायचं मला धाडस झालं नाही.

यशानं माणूस सैल होतो. वनवैद्यालाही आता थांबवेना. त्यानं वाकलेल्या फांदीवरून तो लाल घोस तोडला. "आणि हे बघा फळ! हेही पाचच! निसर्ग खोटं बोलत नाही, मित्रांनो." असं म्हणत त्यानं तो घोस तळहातावर चोळला, गालाला लावला आणि त्याचा मऊपणा सगळ्यांना सांगू लागला.

मी तोंड उघडलं होतं, पण मिटलं. पांढरुखाच्या फळावरची ती लालस लव म्हणजे बारीक कुसळं असतात, खाजकुयलीच्या नात्यातली म्हणावीत अशी. ज्याला झाड माहीत आहे तो त्या फळाला उघड्या हातानं शिवत नाही. याचे व्हिडिओ बहुधा थंडीतले होते. फळं धरलेलं झाड तो पहिल्यांदाच बघत असावा.

आधी त्यानं तळहात पँटला पुसला. मग गाल खाजवला. मग मान. मग पांडवांचा वनवास अर्धवट सोडून दोन्ही हातांनी खाजवायला लागला. जितका खाजवे तितकी कुसळं पसरत होती. गालावर लाल चट्टे उठले. लोक उठून उभे राहिले.

"काय झालं सरांना?" पिशवीवाल्या बाईनं मला विचारलं.

मी उत्तर द्यायला लागले. कुसळं कशी असतात, त्वचेत कशी रुततात, हे सगळं सांगायला सुरुवात केली आणि तिच्या डोळ्यांत पाहिलं. ती ऐकत नव्हती. तिला पाच पांडव हवे होते, किंवा तसंच काहीतरी. मग मी थांबले.

"या झाडाचं आणखी एक नाव आहे," मी म्हणाले. आवाज खाली आणला. "भुत्या."

"काय?"

"भुत्या. भुताचं झाड म्हणतात याला. जुन्या लोकांना विचारा."

यात एक अक्षर खोटं नाही. रात्री हे पांढरं खोड भुतासारखं दिसतं म्हणून लोकांनी ते नाव ठेवलं. पण हा खुलासा मी केला नाही. वनस्पतिशास्त्रात नावाला फार महत्त्व असतं, आणि मी फक्त नाव सांगितलं.

पुढचं बघण्यासारखं होतं. पान दाखवून जे झालं नाही, ते दोन अक्षरांनी झालं. "भुत्या" हा शब्द त्या दगडावरून या दगडावर उड्या मारत गेला. पिशव्या उलट्या झाल्या. साल जमिनीवर पडली. एका गृहस्थानं तर आपली साल झाडाच्या बुंध्याशी नेऊन ठेवली आणि हात जोडले. पुण्याच्या नंबरची एक गाडी खाली सुरूही झाली. वनवैद्य पाण्याच्या बाटल्या अंगावर ओतून घेत होता आणि त्याच्याजवळ कुणी जाईना.

असल्या लोकांना पटवण्यासाठी मी पान आणि देठ घेऊन आले होते याचा मला राग आला. त्यांचाही आला.

भाऊसाहेबांनी सदऱ्याच्या खिशातून एक सालीचा तुकडा काढला, मला न सांगता आणलेला, आणि टाकून दिला.

"तुम्हीसुद्धा भुताला घाबरलात?" मी विचारलं.

"भुतावर माझा इश्वास न्हाई, आक्का." ते त्या खाजवणाऱ्या माणसाकडे बघत होते. "आमी शेतकरी हाय. ज्याला सोताच्या झाडाचं फळ ठावं न्हाई, त्याचा माल आमी घेत न्हाई. चला."

खाली

टपरीशी येऊन ते बाकड्यावर टेकले आणि माझ्याकडे न बघता हात पुढं केला.

"काढा त्या गोळ्या. शैलानं दिल्यात, मला ठावं हाय."

"आधी फोन लावते डॉक्टरांना," मी म्हणाले. "मधे इतके दिवस बंद होत्या. कुठली, किती, ते विचारून घ्या."

फोन लागला. डॉक्टर आधी भाऊसाहेबांना पुष्कळ बोलले, ते मला बाजूला बसून ऐकू येत होतं आणि गोड वाटत होतं. आत्ता कोणती घ्यायची ते त्यांनी सांगितलं, आणि उद्या सकाळी दवाखान्यात हजर व्हायला बजावलं. भाऊसाहेबांनी कौसाबाईच्या तांब्यातल्या पाण्याबरोबर गोळी घेतली. शेजारच्या बरणीतल्या फरसाणाकडे एकदा बघितलं आणि नजर काढून घेतली.

गाड्या एकेक करून निघून चालल्या होत्या. कौसाबाई चहाचं पातेलं उतरवून उभी होती, पण चहा प्यायला कुणी थांबत नव्हतं.

"तुमी काय सांगितलं वर?" तिनं मला विचारलं.

"झाडाचं नाव सांगितलं. भुत्या."

"आमी पांढरूख म्हन्तो." तिनं पदरानं हात पुसले. "माझा बाप डिंक काढायचा त्याचा. पावशेर पाण्यात खडा टाकला की भांडं भरून फुगायचा. पोट साफ व्हायाला द्यायचे. बिया भाजून खायचो आमी, शेंगदान्यासारख्या. फळं काठीनं पाडायची, राखंत लोळवायची, मंग हात लावायचा. सालीचा दोर वळायचे. बैलाला धाप लागली तर कवळा पाला भिजवून ते बुळबुळीत पानी पाजायचे."

याच डिंकानं शहरात माणसांच्या दातांच्या कवळ्या हिरड्यांना चिकटतात हे मी तिला सांगितलं. ती हसली नाही.

"तुम्हाला माहीत होतं, तर मग लोकांना सांगितलं का नाही? ते झाड मरायला आलंय."

"इचारलं का कुनी?" ती म्हणाली. मग पातेल्यावर झाकण आदळून म्हणाली, "आन् सांगून काय करू, बाई? यंदा कारखान्याला गेलो न्हाई आमी. पैल्यांदाच. लेक हितं साळंत ऱ्हाईली. ह्या येड्यांच्या चहावर. तुमी झाड वाचावलं, लई चांगलं केलं. आता दिवाळीनंतर तुमच्याच उसात येते मी."

मी चहा मागितला. तो गूळ घातलेला, आलं ठेचलेला, उत्तम चहा होता. मी दुसरा घेतला, भाऊसाहेबांनीही घेतला. सोनईच्या जमीनदारानं पाथर्डीच्या बाईला, "चहा झकास हाय हां," असं म्हटलं. तिनं मान हलवली. जीप येईपर्यंत आम्ही तिघं त्या रिकाम्या बाकड्यांवर बसून राहिलो.

कोल्हापूर

घरी येऊन दोन महिने झाल्यावर शैलाचा फोन आला. भाऊसाहेब गोळ्या घेतात, सकाळी बांधावरून फेरी मारतात, आणि शेव खाल्ली की कबूल करत नाहीत. एकूण प्रकृती उत्तम. बोलता बोलता म्हणाली, "तुला एक व्हिडिओ पाठवलाय. बघ."

तोच माणूस, तेच जाकीट, तीच बासरी. पावसाळा लागला होता, डोंगर हिरवट झाला होता आणि पांढरुखाला कोवळी पानं फुटली होती. पाच फाट्यांची. बुंध्याभोवती काठ्या रोवून लाल धाग्यांचे वेढे दिले होते, समोर नारळांच्या करवंट्यांचा ढीग. वनवैद्य झाडापासून चांगलं अंतर ठेवून उभा होता. "मित्रांनो, कोल्हापूरच्या एका थोर अभ्यासक मॅडमनी स्वतः येऊन या स्थानाची ओळख पटवली," तो सांगत होता. "हा जागृत भुत्या. याला हात लावायचा नाही. लांबून प्रदक्षिणा घालायची." मागं माणसं खरोखरच लांबून प्रदक्षिणा घालत होती, आधीपेक्षा कितीतरी जास्त.

मी संतापानं फोन बाजूला ठेवला. मग पुन्हा घेतला आणि चित्र मोठं करून पाहिलं. धाग्यांच्या वर, घावाच्या कडेला, नव्या सालीची जाडसर ओठासारखी वळी चढली होती. वेळ लागेल, पण ती चढत होती.

व्हिडिओखाली लोकांचे प्रश्न होते. कुणीतरी विचारलं होतं, या झाडाची साल मिळेल का.

कौसाबाईंनी खाली उत्तर लिहिलं होतं: "साल न्हाई. हात लावला की खाज सुटती. चहा मिळेल."